पाणी दारातून येत नाही, मोरीतून येते

कळंबोलीत तळमजल्यावर नव्याने राहायला आलेल्या माणसाला विचारा, पावसात पाणी घरात कुठून शिरेल? तो दाराकडे बोट दाखवील. दोन पावसाळे काढलेल्याला विचारा, तो संडासाकडे दाखवील. आम्हीही पहिल्या वर्षी दाराशी जुन्या चादरी, गोण्या, पाट असे सगळे रचून बसलो होतो आणि पाठीमागे मोरीच्या जाळीतून काळे पाणी बुडबुडे काढत वर येत होते. दादी पलंगावर तस्बीह घेऊन बसल्या होत्या. त्यांनीच पहिल्यांदा वासावरून ओळखले. "अगं, दार काय धरून बसलात, मोरी बघा मोरी!"

तेव्हापासून आमच्या घरी मे महिन्याच्या अखेरीस एक काम ठरलेले आहे. पाच-पाच किलो वाळूच्या चार पिशव्या जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून तयार ठेवायच्या. मोठ्या पावसाचा इशारा आला की संडासाच्या भांड्यात एक, न्हाणीघराच्या जाळीवर एक, स्वयंपाकघराच्या मोरीवर एक. चौथी राखीव. कापडाचा बोळा कोंबून वर वीट ठेवली तरी काही वेळ निभावते, पण वाळूची पिशवी भांड्याच्या आकारात घट्ट बसते. पाणी पूर्ण थांबते असे नाही. तासभर उशीर होतो, आणि त्या तासात बरेच काही उचलून वर ठेवता येते.

हे पाणी उलटे का येते, ते एकदा समजून घेतले की पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि खाडीकाठच्या दलदलीवर, भातखाचरांवर, मिठागरांवर भराव घालून नवी मुंबई उभी राहिली. या जमिनीचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली आहे, आणि कळंबोली त्यातही सखल. शिवाय भोवती उंच महामार्ग, त्यामुळे वसाहत एखाद्या वाडग्यासारखी झाली आहे. म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. पावसाचे पाणी नाल्यांतून या तलावात यायचे आणि तलावातून खाडीत जायचे. खाडीच्या तोंडाशी झडपा असतात. भरती आली की समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून झडप मिटते, ओहोटी लागली की उघडते. मधल्या काही तासांत जेवढा पाऊस पडेल तेवढा तलावाने पोटात साठवायचा. योजना उत्तम आहे. पण तलावात गाळ साचला, झुडपे वाढली, किंवा झडपच नीट मिटेना, की पाण्याला राहायला जागा उरत नाही आणि ते गटारातून आपल्या मोरीकडे येते. नाल्यात पडलेली प्रत्येक प्लॅस्टिकची पिशवी त्याला मदतच करते. आणि हेही सांगितले पाहिजे, बकरी ईदनंतर कुर्बानीचे अवशेष, चामड्याचे तुकडे नाल्यात टाकणारे हातही आपल्यातलेच असतात. नंतर महापालिकेला नावे ठेवायला पहिले आपणच.

म्हणजे कळंबोलीत फक्त पाऊस किती हे पाहून भागत नाही. भरती केव्हा आहे, हेही पाहावे लागते. दोनशे मिलिमीटर पाऊस ओहोटीत पडला तर रस्त्यावर घोट्याएवढे पाणी होऊन ओसरेल. तोच पाऊस मोठ्या भरतीच्या तीन-चार तासांत पडला तर पलंग भिजतील. या बाबतीत आपल्या घरांत एक सोय आधीच भिंतीवर टांगलेली असते, तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. ती म्हणजे हिजरी तारखांचे कॅलेंडर. मोठी भरती अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत येते. आपला महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, तेव्हा चांदच्या १ ते ३ तारखा आणि १४ ते १७ तारखा या मोठ्या भरतीच्या समजाव्यात. आणि मुंबईच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत पूर्ण भरतीची वेळ साधारण दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान आणि पुन्हा मध्यरात्रीनंतर येते. रोज ती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातले जुने दर्यावर्दी तिथीवरून भरतीचा तास काढत. नक्की वेळ आणि उंची वर्तमानपत्रात येते, ती पाहावीच. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल तर आम्ही कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने खूण करतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या खुणा एका बैठकीत होतात.

हवामान खात्याच्या रंगांबद्दलही घरोघरी गोंधळ असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. आकड्यांत बोलायचे तर चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार' पाऊस म्हणतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पाचशे चौरस फुटांच्या गच्चीवर दोनशे मिलिमीटर पडला की नऊ हजार लिटरच्या वर जाते, जवळजवळ एक टँकर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. त्या दिवशी कळंबोलीचे तळमजले पाण्यात गेले. ज्यांनी ते पाहिले ते आजही पाऊस वाढला की टीव्ही बघत नाहीत, खिडकीतून रस्त्यावरचा एखादा ठरलेला दगड बघतात. दगड दिसेनासा झाला की सामान वर.

सामानात काय आधी उचलायचे? आमच्याकडे यावरून एकदा चांगलाच वाद झाला. अब्बांनी टीव्ही धरला होता, भाभींनी पिठाचा डबा. दादी म्हणाल्या, आधी कुरआन शरीफ, मग औषधे, मग कागद. आता तोच क्रम आहे. कुरआन शरीफ आणि दीनी किताबें वर्षभर वरच्या फळीवरच असतात, म्हणून त्यांची धावपळ उरत नाही. कागदांची एक जाड प्लॅस्टिकची पिशवी आहे. तिच्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, निकाहनामा, मुलांचे शाळेचे दाखले, घराचे कागद, बँकेचे पुस्तक. त्या सर्वांचे फोटो काढून दूर राहणाऱ्या एका नातेवाईकाच्या फोनवरही पाठवून ठेवले आहेत. औषधांत दादींची रक्तदाबाची गोळी आणि इन्सुलिन. इन्सुलिन फ्रीजमध्ये असते आणि घाईत हमखास विसरते, म्हणून फ्रीजच्या दारावर चिठ्ठी लावली आहे. घरात तान्हे मूल असेल तर त्याचे दूध आणि लंगोट वेगळ्या पिशवीत.

विजेच्या बाबतीत मात्र क्रमबीम काही नाही, ती सर्वांच्या आधी. पाणी उंबऱ्याशी असतानाच मेन स्विच बंद करावा, आणि तोही कोरड्या पायांनी, कोरड्या हातांनी. घरात पाणी आलेले आहे आणि वीज चालू आहे अशी वेळ आली तर पाण्यात पाय ठेवून स्विचपर्यंत जाऊ नये. पलंगावरच राहावे, महावितरणला १९१२ वर फोन करावा, इमारतीतल्या कोणाला तरी मीटरपेटीतून पुरवठा तोडता येतो का ते पाहावे, पण मीटरची खोली पाण्यात असेल तर तिथेही कोणी शिरू नये. आता बऱ्याच घरांत इन्व्हर्टर आला आहे आणि त्यात एक फसवणूक आहे. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टर घरातल्या तारांत वीज सोडतच राहतो. तो वेगळा बंद करावा लागतो. लोकांना वाटते आपण वीज बंद केली, आणि भिंतीतले सॉकेट जिवंत असते.

गॅसची टाकीही लक्षात ठेवावी. ती जड वाटते, पण पाण्यात तरंगते, भरलेली असली तरी. तरंगत आडवी झाली की रबरी नळी ओढली जाते. रेग्युलेटर बंद करून काढून ठेवावा, टाकीला टोपी लावावी आणि ती ओट्याच्या पायाला किंवा खिडकीच्या गजाला बांधावी.

आता जरा अवघड विषय. आमच्या वस्तीतले पुष्कळ पुरुष लोखंड बाजारात, ट्रकवर, गोदामांत कामाला. पाऊस वाढतो तेव्हा ते कळंबोली सर्कलच्या वाहतुकीत नाहीतर शीव-पनवेल महामार्गावर कुठे तरी अडकलेले असतात. घरात असतात बाया, मुले आणि म्हातारी माणसे. वर जायचे तर दुसऱ्या मजल्यावर कोणाकडे? घरात परका पुरुष असेल, आपण ओल्या कपड्यांत, कसे जायचे? या संकोचात अर्धा-अर्धा तास जातो, हे आम्ही पाहिले आहे. एका वर्षी शेजारची सून दोन मुलांना घेऊन गुडघाभर पाण्यात उभी राहिली, पण वर गेली नाही, नवऱ्याचा फोन लागेपर्यंत. फोन लागला नाहीच. शेवटी वरच्या पाटीलकाकू स्वतः खाली उतरल्या आणि धाकट्याला कडेवर घेऊन चढू लागल्या, तेव्हा ती मागोमाग गेली. जीव वाचवण्याच्या वेळी शरीअतने केवढी सवलत ठेवली आहे ते आपल्या आलिमांना विचारून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी मनात किंतु राहणार नाही. आणि व्यवस्था मे महिन्यातच ठरवावी. कोणाच्या घरी जायचे, कोणत्या खोलीत बसायचे, दादींना कोण उचलणार. आमचे काकूंशी ठरले आहे की गुडघ्याची वाट बघायची नाही. घोट्याएवढे पाणी घरात आले की वर. एक चटई, एक नमाजची ओढणी आणि कपड्यांचा एक-एक जोड त्यांच्या माळ्यावर आम्ही आधीच नेऊन ठेवतो.

पुरुषांना मशिदीचेही सांगायला हवे. जमात चुकू नये ही ओढ चांगली आहे, पण कमरेएवढ्या वाहत्या पाण्यातून इशाला जाणे म्हणजे तक्वा नव्हे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आला आहे. पावसा-चिखलाच्या जुम्याच्या दिवशी त्यांनी मुअज्जिनला अजानमध्ये घरीच नमाज पढण्याची सूचना पुकारायला सांगितली. लोक चकित झाले, तेव्हा त्यांनी समजावले की हे आपल्याहून श्रेष्ठ असलेल्यांनी केले आहे, लोकांना चिखलात-निसरड्यात चालायला लावणे आपल्याला आवडले नाही. मशिदीच्या लाउडस्पीकरवरून अशी सूचना लवकर दिली गेली तर किती तरी म्हातारी माणसे निघण्यापूर्वीच थांबतील. मुलांच्या संध्याकाळच्या मकतबचेही तसेच. लाल इशाऱ्याच्या दिवशी सुट्टी जाहीर करायला मौलाना साहेबांनी कोणाच्या फोनची वाट का पाहावी? बुडून मरण पावलेल्या मोमिनाला शहीदाचा दर्जा असल्याचे हदीसमध्ये आहे, ते मागे राहिलेल्यांच्या दुःखावर फुंकर म्हणून. पाण्यात उतरायची परवानगी म्हणून ते सांगणारे लोक भेटतात, त्यांना काय म्हणावे!

रस्त्यावर अडकलात तर पाण्याचा जोर डोळ्यांनी कळत नाही. वाहते पाणी घोट्याच्या जरा वर, म्हणजे पंधरा सेंटीमीटर असले तरी मोठ्या माणसाचा तोल घालवू शकते. तीस सेंटीमीटरमध्ये लहान मोटार तरंगू लागते, साठ सेंटीमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. त्यात खाली काय आहे ते दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर गाडीतून उतरून पाण्यातून घरी चालले होते आणि परळ भागात उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. नामवंत डॉक्टर, हजारो रुग्णांना बरे करणारे. चालावेच लागले तर हातात काठी घ्या, पुढचे पाऊल टाकण्याआधी ती टेकवा, आणि पाणी भोवऱ्यासारखे फिरताना दिसले तर तिथून लांब व्हा. चप्पल नको, बूट हवा. बहिणींसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. लांब बुरखा भिजला की पायांत गुंडाळतो आणि पाणी त्याला शिडासारखे ओढते. तो वर खोचून कमरेशी बांधावा, खाली सलवार असतेच.

गाडीत असाल आणि पाणी दारापर्यंत चढत असेल तर काचा आधी खाली घ्या. २००५ मध्ये मुंबईत काही माणसे बंद गाडीत गुदमरून गेली, कारण विजेवर चालणाऱ्या काचा उघडल्या नाहीत आणि पाण्याच्या दाबाने दारही उघडेना. सीटच्या डोक्याकडचा टेकू उपसला की त्याच्या दोन लोखंडी सळ्या मिळतात, त्यांनी बाजूची काच कोपऱ्यात फोडावी. समोरची काच फुटत नाही. आणि बुडून निघालेली गाडी कधीही सुरू करून पाहू नका. इंजिनात पाणी गेलेले असते, किल्ली फिरवली की आतले दांडे वाकतात आणि विमावालेही मग हात वर करतात.

सहलीबद्दल लिहिलेच पाहिजे, कारण आपल्याकडे पावसाळा म्हणजे धबधबा. कळंबोलीहून खारघरचा पांडवकडा जवळ, लोणावळा दोन तासांवर. ३ ऑगस्ट २०१९ ला पांडवकड्यावर महाविद्यालयात शिकणाऱ्या चार मुली वाहून गेल्या. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका मुस्लिम कुटुंबातील एक महिला आणि चार मुले गेली. एकमेकांना धरून प्रवाहाच्या मध्ये उभ्या असलेल्या त्या माणसांची चित्रफीत बहुतेकांनी फोनवर पाहिली असेल. आम्ही ती दुसऱ्यांदा पाहू शकलो नाही. ती माणसे बेपर्वा होती असे म्हणणे सोपे आहे. ती तिथे आली तेव्हा पाणी थोडे होते, मुले खेळत होती. डोंगरमाथ्यावर पाऊस वाढला तो खाली दिसला नाही. पाणी गढूळ होऊ लागले, पाने-काटक्या वाहत आल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, की मिनिटांचा नाही, सेकंदांचा हिशेब असतो. तेव्हा चपला, मोबाइल, डबे सोडून काठावर. आणि पाण्याच्या मधल्या खडकावर मुलांना घेऊन बसायचेच नाही, पाणी कितीही शांत असो.

२०२१ साली बकरी ईद २१ जुलैला होती. त्या रात्री कोकणात पाऊस थांबला नाही, आणि २२ तारखेला चिपळूणमध्ये वाशिष्ठी आणि महाडमध्ये सावित्री, गांधारी गावात शिरल्या. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. आमचे मूळ घर त्याच बाजूला. ईदसाठी सगळे गोळा झालेले, फ्रीज गोश्ताने भरलेले, अंगणात बकरे बांधलेले. पाणी पहाटे आले. खाला सांगतात, त्यांनी फ्रीज वाचवायला दहा मिनिटे घालवली आणि जिना चढेपर्यंत पाणी छातीशी होते. ते गोश्त शेवटी फेकावेच लागले. अन्न फेकताना आपला जीव तुटतो, इस्राफ वाटतो. पण पुराचे पाणी लागलेले काहीही खाऊ नये, आणि वीज गेल्यावर बंद फ्रीजमधले गोश्त, दूध चार तासांच्या पुढे ठेवू नये. गच्च भरलेला डीप फ्रीजर न उघडता ठेवला तर दोन दिवसांपर्यंत तग धरतो.

पाणी ओसरल्यावरची घाईही नडते. सगळ्यात आधी फोटो. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेले सामान, फुगलेले दार, सारे साफसफाईच्या आधी टिपून घ्या. तलाठ्याचा पंचनामा होईपर्यंत मोठ्या वस्तू फेकू नका. आम्ही एकदा घर लख्ख धुऊन बसलो आणि पंचनाम्याला आलेले म्हणाले, इथे तर काहीच दिसत नाही. वायरिंग इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय मेन स्विच वर करू नका. पिण्याचे पाणी आठ-दहा दिवस उकळूनच. जमिनीवरची टाकी बुडाली असेल तर रिकामी करून, धुऊन, ब्लीचिंग पावडर घालून मगच भरावी. गटाराचे पाणी लागलेले कपडे, जानमाज, चटया वेगळ्या धुवाव्यात. पाकीचाही तो प्रश्न आहे आणि आरोग्याचाही.

आणि तापाकडे बारीक नजर ठेवा. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते, पायाच्या छोट्या जखमेतूनही लेप्टोचे जंतू शिरतात. २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याने बरेच जीव घेतले. बहुधा पाच ते चौदा दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे सुरू होते. त्याला 'पावसाचा ताप' म्हणून घरी गोळ्या घेत बसू नये. पाण्यातून चालून आल्यावर पाय साबणाने धुवावेत आणि दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना सांगावे. ते डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर बाया आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे असते, म्हणून दुसऱ्याची चिठ्ठी वापरू नये.

फोनचे काही आकडे मोठ्या अक्षरात दाराच्या आतल्या बाजूला लावले आहेत. ११२ सर्व मदतीसाठी, १०८ रुग्णवाहिका, १०१ अग्निशमन, १०७७ जिल्ह्याचा आपत्ती कक्ष, १९१२ वीज. दादींना इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत, म्हणून मराठीत. त्याच्या खाली पाटीलकाकूंचा नंबर आहे आणि त्यांच्या दाराच्या आत आमचा. तळमजल्याच्या टोकाच्या खोलीत एक आजी एकट्या राहतात, मुलगा ट्रकवर असतो. त्यांना ऐकू कमी येते, दार वाजवले तरी कळत नाही. या वर्षी त्यांनी आपली जादा किल्ली आमच्याकडे आणून दिली. वाळूच्या पिशव्या आता चार नाही, सात भरल्या आहेत.